पाटीवरची तिसरी ओळ

मंगळवार, अकरा फेब्रुवारी. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बर्डॉक कर्लिंग क्लबच्या कमिटीसमोर मायरन डोलिन्स्कीने हात वर केला आणि सांगितलं, "पाटीवरची तिसरी ओळ काढून टाका."

विषयपत्रिकेवरचा हा चौथा विषय. आधीचे तीन, म्हणजे स्वयंपाकघरातला गळका नळ, बर्फयंत्राची घरघर आणि शनिवारच्या जेवणाला पिरोगी किती करायच्या, हे पाऊण तासात उरकले होते. त्यातला अर्धा तास पिरोगींचा. चौथा विषय नुसता उपचार होता. मायरन यंदा स्पर्धेच्या कर्लिंगमधून निवृत्त होत होता, त्याच्या नावाची पितळी पाटी क्लबच्या भिंतीवर लागणार होती आणि तिच्यावरचा मजकूर तेवढा मंजूर करायचा होता. चिटणीस व्हायलेटने तो वाचून दाखवला.

"मायरन डोलिन्स्की. अडतीस हिवाळे, एकच संघ. आयुष्यात एकही दगड जाळला नाही."

कर्लिंगमध्ये बर्फावरून घसरत निघालेल्या दगडाला कुणाचा झाडू किंवा बूट लागला, की तो दगड जळला. तो तिथल्या तिथे उचलून बाजूला ठेवायचा. लागला की नाही हे पाहायला पंच नसतो. ज्याचा लागला त्याने हात वर करून सांगायचं, आणि तेही दगड थांबायच्या आत. बर्डॉकमध्ये माणूस आयकराच्या अर्जात थोडं इकडचं तिकडे करतो, मासा किती मोठा होता हे सांगताना हात जरा लांब पसरतो, पण जळलेला दगड लपवत नाही. लपवला तर तो कर्लर नव्हे. मग त्याने मासे पकडावेत.

"का रे, ओळ फार लांब झाली का?" क्लिफ आर्नासनने विचारलं. क्लिफ क्लबचा अध्यक्ष, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि मायरनचा अडतीस वर्षांचा कप्तान. "विनय पुरे आता. पाटी एकदाच लागते."

"विनय नाही. मी एक जाळलाय."

"सरावात? सरावातले कोण मोजतं!"

"नव्व्याण्णवच्या विभागीय फायनलला. शेवटची फेरी, शेवटचा दगड. तुझा."

सहाही जणांच्या माना एकदम वर झाल्या. छताच्या तुळईला निळा, कडेला सोनेरी झालर असलेला झेंडा लटकत होता. त्याच फायनलच्या विजयाचा, बर्डॉकच्या एकाहत्तर वर्षांच्या इतिहासातला हा एकमेव झेंडा. तो मिळाल्यावर संघ प्रांतिक स्पर्धेला गेला आणि सातच्या सात सामने हरून परत आला, पण हरल्याचा झेंडा देत नसल्यामुळे गावाला तो भाग फारसा आठवत नाही.

व्हायलेटने पेन उचललं. "हे मिनिट्समध्ये घ्यायचं?"

"नाही," क्लिफ म्हणाला.

"घ्या," मायरन म्हणाला.

व्हायलेटने लिहिलं, "चर्चा झाली."

आता घडलं होतं ते असं. त्या दिवशी क्लिफने शेवटचा दगड सोडला आणि पाठीमागून "झाड! झाड! झाड!" अशी आरोळी ठोकली. ती आरोळी धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जाते. दगडाच्या एका अंगाला मायरन आणि दुसऱ्या अंगाला फादर तारास, दोघे वाकून, दगड लांब जावा म्हणून त्याच्या पुढचं बर्फ जीव तोडून झाडूने घासत धावत होते. अर्ध्या वाटेवर मायरनच्या झाडूची कड दगडाला लागली. टिच्. एवढंच. हात वर करायचा तर झाडणं थांबवावं लागलं असतं, आणि क्लिफ ओरडत असताना झाडणं थांबवायची सवय मायरनच्या शरीराला नव्हती. त्याने ठरवलं, दगड थांबला की सांगू. दगड थांबला तो प्रतिस्पर्ध्यांच्या दगडापेक्षा वर्तुळाच्या मध्याच्या बोटभर जवळ, म्हणजे सामना बर्डॉकचा, आणि क्लिफने मायरनला कमरेला धरून उचललं. जमिनीवर आलो की सांगू. जमिनीवर आला तर समोर प्रतिस्पर्धी हस्तांदोलनाला उभे. हात मिळवून झाले की सांगू. मग रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला पेला दिला. पेला रिकामा झाला की सांगू. अशा रीतीने सव्वीस वर्षं गेली.

घरी व्हर्नाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. व्हर्ना म्हणजे मायरनची बायको, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. कोण कुठलं पुस्तक परत करत नाही हे तिला अजून पाठ आहे.

"नव्व्याण्णवचा मार्च?" ती म्हणाली.

"हो."

"त्या वसंतात तू अधूनमधून एकटाच चर्चला जायचास. जेवायला बसलास की लक्ष ठिकाणावर नसायचं. एकदा माझ्यासाठी फुलं आणलीस."

"मन खात होतं गं."

"आणि मी तीन वर्षं पोस्टातल्या आयरीनशी बोलले नाही! तिला बिचारीला वाटलं, पार्सल उशिरा दिलं म्हणून." व्हर्नाने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "बाई असती तर मी तुला कधीच माफ करून मोकळी झाले असते. दगड? दगडासाठी मी आयरीनच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही?"

मायरनची अपेक्षा होती की गाव त्याला दूषणं देईल. त्याने मनाची तयारी केली होती. सकाळी कॉफीला जाताना त्याने स्वच्छ शर्ट घातला, कारण अपमान व्हायचाच असेल तर तो नीटनेटक्या माणसाचा व्हावा. पण को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर भलताच प्रकार झाला. कुणी विश्वासच ठेवेना.

"तुझा झाडू? दगडाला?" एकजण म्हणाला. "गड्या, तुझा झाडू दगडाच्या आसपास तरी पोचायचा का?"

"मायरन सगळ्यात निरुपद्रवी खेळाडू होता," दुसऱ्याने दुजोरा दिला. "त्याच्यामुळे कुणाचं काही वाईट झालं नाही. चांगलंही झालं नाही म्हणा."

"असं मनाला लावून घेऊ नकोस. निवृत्तीनंतर होतं असं. माझा मेहुणा निवृत्त झाला आणि मधमाश्या पाळायला लागला."

ही सगळी माणसं त्याचं सांत्वन करत होती. सांत्वनाच्या प्रत्येक वाक्यासरशी त्याच्या अडतीस वर्षांच्या कारकिर्दीची एकेक वीट निखळत होती. शेवटी तो म्हणाला, "अरे पण लागला! मला माहीत आहे, माझाच झाडू होता!"

त्यावर स्टॅन वुशनीने कप खाली ठेवला. स्टॅन म्हणजे मायरनचा समोरचा शेजारी. मायरनने एकतीस वर्षं गारपीट विम्याच्या पाहणी अधिकाऱ्याची नोकरी केली. गारा पडल्या की शेतात जायचं, मोडलेली रोपं मोजायची आणि शेतकरी म्हणतो त्याच्या निम्मंच नुकसान झालंय हे त्याला सौम्य शब्दांत पटवायचं. एक्याण्णव साली त्याने स्टॅनला तेच पटवलं होतं. स्टॅनला ते अजून पटलेलं नव्हतं.

"घटनेची तारीख?" स्टॅनने विचारलं.

"तेरा मार्च, नव्व्याण्णव."

"कळवल्याची तारीख?"

"...काल."

"साक्षीदार?"

"नाही."

"फोटो? नुकसानीचा काही अवशेष?"

"स्टॅन, दगडाला झाडू लागल्याचा काय अवशेष असणार!"

"मला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे," स्टॅन म्हणाला. शब्द मायरनचे, सूरही मायरनचाच. "परंतु सादर झालेल्या पुराव्यावरून दावा मान्य करता येत नाही." आणि चौतीस वर्षं गरम न झालेली कॉफी अखेर गरम मिळाल्यासारखा तो भुरका मारून प्यायला.

राहिले फादर तारास. ते गावच्या युक्रेनी चर्चचे पाद्री. तेव्हा तरुण होते आणि दगडाच्या दुसऱ्या अंगाला होते. मायरन चर्चमागच्या घरी गेला तेव्हा फादर स्वयंपाकघरात बीटचं सूप ढवळत होते.

"पाद्री म्हणून सांगायचं, तर तुला क्षमा आहे," फादर घाईने म्हणाले. "ताबडतोब. जा, शांतीने जा."

"आणि कर्लर म्हणून?"

फादरांनी पातेल्यात डाव जरा जोरात फिरवला. "कर्लर म्हणून मी काय बोलणार? मी दुसऱ्या बाजूला होतो. मला काही दिसलं नाही. मान खाली होती माझी."

"पण फादर, टिच् असा आवाज झाला. तुम्हाला ऐकू नाही आला?"

"क्लिफ ओरडत असताना देवाचाही आवाज ऐकू येत नाही," फादर म्हणाले आणि त्यांच्या हातून मिठाची बरणी सूपमध्ये उपडी झाली. मायरनला वाईट वाटलं. आपल्या पापाने एका सज्जन माणसाचं सूपही नासवलं, असं त्याला वाटलं.

क्लिफकडे त्याला जावं लागलं नाही. क्लिफ स्वतः आला. बाहेर गाडी चालूच ठेवून दारात उभा राहिला.

"अडतीस वर्षं," क्लिफ म्हणाला, "मी झाड म्हटलं की तू झाडलंस, थांब म्हटलं की थांबलास. बरोबर?"

"बरोबर."

"मग आता थांब म्हणतोय."

"नाही जमणार, क्लिफ."

"एका ओळीसाठी तू झेंडा घालवणार? दुकानात येणारं प्रत्येक पोर विचारतं, काका, तो झेंडा तुम्ही जिंकलात ना? मी काय सांगू? मायरनला झोप लागत नव्हती?"

"ती ओळ रोज माझ्याकडे बघणार रे. मी मेल्यावरसुद्धा. आणि ती खोटी आहे."

"पाटी मीच दुकानातून देतोय. पितळ चांगलं आहे!" क्लिफ म्हणाला. याचा विषयाशी संबंध नव्हता, पण तो खरंच दुखावला होता. गाडीकडे जाताना तो ऑपरेशन करून बसवलेल्या नव्या खुब्यामुळे किंचित लंगडत होता, आणि त्यामुळे मायरनला आणखीच अपराधी वाटलं.

मायरन पडला कागदोपत्री माणूस. गाव ऐकत नाही म्हटल्यावर त्याने विभागीय समितीला रीतसर पत्र लिहिलं. नऊ दिवसांनी समितीच्या सचिव डोरीन फेहर यांचं उत्तर आलं.

"आपला आक्षेप-अर्ज मिळाला. आक्षेप हा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध घ्यावयाचा असतो. आपल्या अर्जात अर्जदार आणि दोषी या दोन्ही रकान्यांत एकच नाव असल्याने संगणकाने अर्ज स्वीकारलेला नाही. तसेच आक्षेप सामना संपल्यापासून तीस मिनिटांच्या आत नोंदवणे आवश्यक आहे. विलंब झाला असल्यास कारण लिहावे."

मायरनने कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, "भित्रेपणा." अर्ज परत आला. कारण यादीतूनच निवडायचं होतं. यादीत तीनच कारणं होती. हवामान, वाहनातील बिघाड आणि प्रकृती.

"वाहनातला बिघाड लिही," व्हर्ना म्हणाली. "इंजिन सव्वीस वर्षांनी सुरू झालं."

"खोटं वागलो हे कबूल करायच्या अर्जात मी खोटं लिहू?"

"मग प्रकृती लिही. ती तुझी पहिल्यापासून तशीच आहे."

त्याने प्रकृती लिहिलं. मग समितीने वैद्यकीय दाखला मागितला. डॉक्टरांनी त्याला तपासलं, रक्तदाब थोडा वाढलेला आढळला, आणि तो या अर्जामुळेच वाढला असावा असा दाखला दिला. तो समितीने ग्राह्य धरला. आता एकच अट राहिली. प्रतिस्पर्धी कप्तानाची लेखी संमती. आणि तळाशी एक सूचना. निर्णय होईपर्यंत झेंडा कोणाचाच नसल्याने तो उतरवून तटस्थ जागी ठेवावा.

झेंडा उतरवायला क्लिफ आला नाही. तुळईवर सव्वीस वर्षांचा चौकोन तेवढा फिकट राहिला. तटस्थ जागा म्हणून चर्चचं तळघर सर्वानुमते ठरलं आणि फादर तारास यांनी झेंडा घडी करून बटाट्यांच्या शेजारी ठेवला. त्या दिवसापासून क्लिफच्या दुकानात मायरनला खिळेसुद्धा क्लिफचा नोकर देऊ लागला. क्लिफ मागच्या खोलीत रंगाचे डबे मोजत असे. ते नेहमी तेवढेच भरत.

प्रतिस्पर्धी कप्तान म्हणजे पॉप्लर फ्लॅटचा आर्मां लेज्यून, नव्वद किलोमीटरवरचा. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, वाऱ्याने रस्त्यावर बर्फ वाहत असताना, मायरन सोबत व्हर्नाने केलेली बटर टार्ट घेऊन गेला. आर्मां आता शहात्तर वर्षांचा झाला होता. त्याच्या बायकोने वाटाण्याचं सूप पुढे ठेवलं. मायरनने सूपाला हात न लावता सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. घरून निघताना त्याला वाटलं होतं, तासभर लागेल.

आर्मांने पाव मोडला, सूपात बुडवला, खाल्ला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दगड थरथरला. मी समोर उभा होतो ना, वर्तुळात. अर्ध्या वाटेवर असा किंचित थरथरला. दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"मी?" आर्मांने चमचा खाली ठेवला. "मी का बोलायचं? ज्याचा लागला त्याने बोलायचं. दुसऱ्याने बोट दाखवायचं असतं तर आपण हॉकी खेळलो असतो. मी वाट पाहिली. दगड थांबेपर्यंत पाहिली. हात मिळवताना तुझा हात मी जरा जास्तच वेळ धरला होता. आठवतं?"

मायरनला आठवलं. त्याला तेव्हा ती खिलाडूवृत्ती वाटली होती.

"पेला पिताना वाट पाहिली. मग दर नाताळला तुझं कार्ड यायचं. दर वर्षी पाकीट फोडताना मी हिला म्हणायचो, यंदा लिहिलं असणार. आणि आत काय? 'इकडे बर्फ चांगलं. तिकडे?'"

"सव्वीस कार्डं," आर्मांची बायको चुलीकडूनच म्हणाली. "ठेवलीत सगळी. डब्यात."

मायरनने खिशातून संमतीचा कागद काढला. तो काढताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. "मग सही कर. झेंडा तुमचा."

"सही नाही करणार."

"का?"

"मी हात मिळवलाय. हात मिळवला की सामना संपला. मिळवलेला हात सव्वीस वर्षांनी परत मागायला काय ती शिडी आहे शेजाऱ्याकडून नेलेली?"

"अरे पण मी कबूल करतोय!"

"तुझं तू कर. मला फुकटचा झेंडा नको. माझे गुडघे नाही राहिले, पण लाज आहे अजून."

मायरन ज्या शिक्षेसाठी आला होता ती देण्याइतका एकही माणूस त्या दोन्ही गावांत वाईट नव्हता. त्याच्या त्रासाचं मूळ तेच होतं. शेवटी आर्मांच्या बायकोनेच तोडगा काढला. तो तिने काढला कारण टेबल आवरायचं होतं.

"तेवढा एक दगड पुन्हा टाका की! जळला नसता तर कुठे गेला असता ते कळेल. आणि मग या माणसाला सही देऊन घरी पाठव, वारा वाढतोय."

आर्मांने विचार केला. मग त्याने संमतीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. "डोलिन्स्कीचा झाडू लागला, हे मला मान्य. तो दगड पुन्हा टाकावा. जो निकाल लागेल तो अखेरचा." खाली सही केली आणि मगच दुसरं टार्ट घेतलं.

क्लिफने आधी साफ नकार दिला. पण पॉप्लर फ्लॅटमध्ये लोक म्हणू लागले की आर्नासनला तो दगड दुसऱ्यांदा जमणार नाही. हे बोलणं दोन दिवसांत बर्डॉकच्या को-ऑपमध्ये पोचलं आणि तिसऱ्या दिवशी क्लिफने मागच्या खोलीतून ओरडून सांगितलं, "एक दगड ना? डोळे मिटून टाकतो! आणि मग तो झेंडा वर लावायला शिडी मायरन धरणार."

शनिवार, बावीस मार्च, दुपारी दोन. हंगामाचा शेवटचा आठवडा, बाहेर बर्फ वितळायला लागलेलं. दोन्ही गावं काचेमागे दाटीवाटीने बसली. डोरीन फेहर निकालाचा कागद घेऊन स्वतः आल्या. दोन वाजता टाकायचा दगड साडेतीनपर्यंत पडला नाही, कारण त्या वेळी आर्मांचा दगड नक्की कुठे होता यावर एकमत होईना. क्लिफने तो मध्यापासून दूर दाखवला. आर्मांने तो त्याहून दूर दाखवला. आपल्याला फायदा होतोय असं दिसू नये म्हणून आर्मां स्वतःचंच नुकसान करत होता, आणि हे लक्षात आल्यावर क्लिफ चिडून दगड मध्याकडे ढकलू लागला. अशाने तो मध्यावरच येऊन बसला असता. अखेर व्हायलेटने जुना फोटो काढून दाखवला. फोटोत क्लिफने मायरनला उचललेलं होतं आणि दोघांच्या पायांमधून आर्मांचा दगड दिसत होता.

वर्तुळात झाडू धरून निशाण दाखवायला चौथा खेळाडू हवा. तो दहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या जागी व्हर्ना उभी राहिली. "हलू नकोस," क्लिफने सांगितलं. "मी कधी हलले?" व्हर्ना म्हणाली. "हलता तुम्ही लोक. पंचवीस पंचवीस वर्षांनी."

क्लिफ खाली वाकला. नवा खुबा कुरकुरला की पायाला रेटा द्यायचा फळीचा तुकडा, हे कळलं नाही. दगड सुटला.

"झाड!"

मायरन चौसष्ट वर्षांचा होता आणि त्याला मागच्या डिसेंबरपासून जिन्यावर धाप लागत होती. पण ती आरोळी कानात शिरली आणि पाठ आपोआप वाकली. एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला फादर. त्याने झाडू दगडापासून पुरता वीतभर पुढे ठेवला. ती जागा जवळ आली. तिथे काही खूण नव्हती, पण सव्वीस वर्षं तो रोज तिथून गेला होता. दगड तिथून पुढे गेला. आवाज आला नाही. काही लागलं नाही. मायरनला रडू येईल असं वाटलं, पण क्लिफ अजून ओरडत होता.

दगड वर्तुळात शिरला, मंदावला, थांबला. आर्मां आणि क्लिफ दोन बाजूंनी वाकले आणि दोघांनाही वर येता येईना, म्हणून मोजमाप तसंच वाकून केलं. दोन बोटांनी क्लिफचा दगड जवळ होता.

"तुमचा," आर्मां म्हणाला आणि वाकल्यावाकल्याच त्याने हात पुढे केला. काचेमागे टाळ्यांचा गजर झाला. क्लिफने मायरनकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा पाहिलं.

"स्वच्छ?" त्याने विचारलं.

"स्वच्छ," मायरन म्हणाला.

"मग उचलू का रे तुला?"

"खुबा सांभाळ आधी!"

डोरीन फेहर यांनी पेनाचं टोपण काढलं. मायरनला वाटलं, झालं. ओळ निघेल, झेंडा राहील, मी रविवारी चर्चला जाऊन पहिल्या बाकावर बसेन. तेवढ्यात त्याला दिसलं की टाळ्या थांबल्यात आणि सगळे त्याच्या पाठीमागे बघतायत. त्याने वळून पाहिलं.

फादर तारास यांनी हात वर केला होता.

"फादर, काही नाही लागलं," मायरन म्हणाला. "मी बघत होतो. स्वच्छ होता."

"आजचा नाही," फादर म्हणाले. "तेव्हाचा. माझा बूट लागला होता."

वर बर्फयंत्र घरघरत होतं.

"मी हात वर करणार होतो," फादर म्हणाले. "पण क्लिफ..."

"माझ्यावर ढकलू नका!" क्लिफ ओरडला.

"फादर," मायरन म्हणाला, आणि त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा क्लिफइतका चढला, "फादर, तो माझा झाडू होता! टिच्! मी ऐकलं! सव्वीस वर्षं ऐकतोय!"

"टिच् माझ्या बुटाचं होतं. रबर लागलं होतं."

"रबराचं टिच् होत नाही!"

"आर्मां!" क्लिफ म्हणाला. "तू पाहिलंस ना? कुणाचा लागला?"

आर्मां अजून गुडघा धरून वाकलेलाच होता. "मी दगड थरथरलेला पाहिला. दोन अंगांना दोघे होते. मला वाटलं..." तो थांबला. "मला दोघांपैकी कार्ड पाठवणाराच गुन्हेगार वाटला."

डोरीन फेहर यांनी पेनाचं टोपण परत लावलं. संमतीपत्रात "डोलिन्स्कीचा झाडू लागला" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते खरं नसेल तर संमती अवैध, संमती अवैध तर फेरदगड अवैध, आणि फेरदगड अवैध तर आजचा निकाल घेता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. शिवाय अर्जात दोषीचा रकाना एकच आहे. आणि फादर आता प्रकरणात पक्षकार झाल्याने चर्चचं तळघर तटस्थ राहिलेलं नाही. झेंडा त्यांनी जाताना आपल्या गाडीत मागे ठेवून नेला.

आता गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, फादर मायरनला वाचवायला खोटं बोलले. दुसरा म्हणतो, पाद्री खोटं बोलत नाही, म्हणून मायरनच भ्रमात होता. स्टॅन वुशनी दुसऱ्या तटात आहे. "एकाच नुकसानीचे दोन दावेदार," तो म्हणतो, "म्हणजे दोघांचंही नामंजूर." मायरनला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. माणसाने अडतीस वर्षांत एकच पाप केलं, ते सव्वीस वर्षं एकट्याने वाहिलं, आणि उतरवायची वेळ आली तर दुसरा म्हणतो, ते माझं आहे.

पाटी तयार होऊन आली आहे. क्लिफने ती स्वतः घरी आणून दिली. पहिल्या दोन ओळी कोरलेल्या आहेत, तिसरीची जागा कोरी. "पितळ चांगलं आहे," क्लिफ म्हणाला, आणि या वेळी कॉफी पिऊनच गेला. आठ एप्रिलला समितीचं पत्र आलं. श्री. डोलिन्स्की आणि रेव्हरंड तारास यांनी आपापसांत ठरवून, दगडाला आधी कोणाचा स्पर्श झाला ते तीस दिवसांत संयुक्त सहीने कळवावं.

क्लबमधलं बर्फ एक एप्रिललाच काढलेलं आहे.

गुरुवारी, दहा तारखेला, दुपारी चार वाजता व्हर्ना कोबीचे रोल घेऊन फादरांच्या घरी गेली. मागच्या दाराशी तिला आतून आरोळी ऐकू आली, म्हणून तिने आधी खिडकीतून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या टेबल-खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. क्लिफ नवा खुबा सांभाळत फरशीवर एका गुडघ्यावर बसला होता आणि फादरांचं सूपाचं मोठं बिडाचं पातेलं त्याने नुकतंच पुढे ढकललं होतं. पातेल्याच्या एका अंगाला मायरन, दुसऱ्या अंगाला फादर, दोघे झाडू घेऊन वाकलेले. पातेलं चुलीपासून निघालं, फ्रिजजवळून पुढे गेलं, आणि तिथे काहीतरी टिच् वाजलं.

दोघांनीही एकदम हात वर केला.